चूलबंद आवतन

कुठं कुकरची शिटी झाली की अजून माझी मान रस्त्याकडं वळते. कोणी येत नाही, हे मले माहीत आहे. तरी वळते.

आमचं गाव वाशिम जिल्ह्यात, किन्हीराजाच्या अलीकडं, मालेगावच्या रस्त्याले लागून. पौषातल्या एका रविवारी मारोतीपाशी गावाचे रोडगे होतात. तूर तवा वाळायले आलेली असते, हरभऱ्याले घाटे धरलेले असतात, अन् थंडी अशी की सकाळी बोटं वळत नाहीत. गोवऱ्या रचून मोठा विस्तव करतात, त्याले आमी जगरा म्हणतो. कणकेचे गोळे त्यात भाजायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी अन् वरण. पुण्याले कामाले गेलेले पोरं शनिवारीच येऊन पडतात. लेकी येतात, जावई येतात, पोट्टे वावरातून हरभरा उपटत हिंडतात. त्या दिवशी गावात कोणाच्याच घरी चूल पेटत नाही. म्हणून त्याले चूलबंद आवतन म्हणतात. घरच्या एका माणसाले बोलावणं वेगळं. चूलबंद म्हणजे पाळण्यातल्या लेकरापासून खाटेवरच्या बुढीपर्यंत सगळं घर.

हे आवतन तो द्यायचा.

कोणी नेमला नव्हता त्याले. आधी जो माणूस आवतन द्यायचा तो पोट भरायले बाहेरगावी निघून गेला, अन् त्या साली कोणी सांगायलेच फिरलं नाही. अर्धं गाव रागानं घरीच बसलं. रोडगे उरले, ते बैलायले चारले. पुढच्या साली हा आपल्या मनानं उठला अन् दारोदार फिरला. तवापासून ते काम त्याचंच झालं. उंच, वाळका, एक खांदा खाली गेलेला. डोक्याले शेला. एरवी पायात वहाण असायची, पण आवतनाच्या शनिवारी अनवाणी. काटे मोडायचे, पण वहाण नाही. मी एकदा म्हटलं, "लेका, पायाले घाल काही." तर म्हणे, "दारोदार काढा, दारोदार घाला. एवढा टाइम कोनाले हाय?"

त्याच्या हिशेबात एका जेवणाचे दोन बोलावे. शनिवारी दारात येऊन आवतन. रविवारी पान वाढायच्या वेळेले बोलावणं. आवतन नसेल तर जायचं नाही, अन् आवतन असलं तरी बोलावण्याच्या आधी जायचं नाही. बोलावणं तो मारोतीच्या पारावर चढून द्यायचा. "चला होऽऽ, पान वाढलंऽऽ!" ती हाक वढ्यापार जायची. घरोघरी लोक धुतले कपडे घालून, दाराची कडी हातात धरून तिची वाट पाहायचे.

मधी सरपंचाच्या पोरानं मोबाईलवर गावाचा ग्रुप केला. तो म्हणे, "काका, कायले पाय झिजवता? टाकून देतो ग्रुपवर. एका मिंटात सगळ्यायले जाते."

"जाते तं," हा म्हणाला. "पन येते काय? मोबाईलवर सांगितलं तं जेवाले मोबाईल यीन."

असाच होता. गावाच्या कोपऱ्यावर मालेगावच्या एका जैन शेटजीचं दुकान आहे. त्यायनं एकदा हात जोडले की बाबा, आम्ही वांगं खात नाही, लसूण खात नाही, दिवस बुडाल्यावर जेवत नाही. हा म्हणे, "नका खाऊ. वरणाले लसूण लावत नाही अन् सुर्याले धरून ठेवतो. तुमी या तं खरे." तवापासून वरणाचं एक वेगळं भांडं बिनलसणाचं शिजते. अजूनही शिजते.

माझं अन् त्याचं धुऱ्यावरून भांडण होतं. वावराले वावर लागून, मधी एक बोरीचं झाड. तो म्हणे बोर माही, मी म्हणे माही. बोलणं बंद, पाहणं बंद. एका साली तर शुक्रवारी आमी एकमेकाच्या अंगावर कुऱ्हाडी घेऊन गेलो, लोकायनं धरलं. शनिवारी दिवस मावळता हा माझ्या दारात, अनवाणी.

"चूलबंद आवतन हाय," म्हणे. "धुऱ्याचं सोमवारी पाहू."

मी तोंड फिरवलं. आमची बायको घरातून म्हणाली, "हाव भाऊजी, येतो." रविवारी त्यानंच माझ्या पानात तूप वाढलं, हात आखडला नाही. अन् सोमवारी सकाळी धुऱ्यावर येऊन पुन्हा शिव्या सुरू. बोर कोणाची हे अजून ठरलं नाही. ती माझीच आहे.

रविवारी सकाळी तो गावात गस्त घालायचा. पहिले चुली होत्या तवा सोपं होतं. छपरातून धूर दिसला की हा दारात. "चूलबंद सांगितलं होतं ना? मंग हा धूर कायचा?" पुढं घरोघरी गॅस आला. धूर बंद झाला. मग हा कानावर जायले लागला. गल्लीतून कान टवकारून चालायचा, कुकरची शिटी ऐकू आली की वळलाच. पोट्टे त्याले चिडवायले तोंडानं शिट्टी मारायचे अन् पळायचे. हा मागं लागायचा नाही. म्हणायचा, "कुकर अशी मारत नाही. शिका आधी."

एका साली शाळेत नवीन बाई आल्या होत्या, वाशिमकडच्या. त्यायच्या घरातून शिटी झाली. मी समोरच्या ओट्यावर ऊन खात बसलो होतो, म्हणून सगळं पाहिलं.

"बाई, शिटी कायची?"

"वरणाचा कुकर आहे."

"काल आवतन देल्लं होतं. तुमी हो म्हटलं होतं."

"अहो, माझ्या सासूबाईंना साखर आहे. त्यांना वेळेवर खावं लागतं. तुमची पंगत बसणार दुपारी."

हा ओट्यावर बसला. "मंग मी बी इथंच बसतो."

"बसा ना. चहा करू?"

"चहाले गॅस पेटवा लागन."

बाई हसल्या. पण कुकर काही उतरवेनात. म्हणाल्या, "मग आजींना काय देऊ, तुम्हीच सांगा." हा उठून गेला. जगऱ्यातले पहिले रोडगे नुकते झाले होते. मारोतीले निवद दाखवायचा राह्यला होता. त्यानं त्यातला एक काढला, फडक्यात बांधला, द्रोणात वरण घेतलं अन् चालला. लोक बोंबलले, "अरे निवदाच्या आधी?"

"मारोतीले साखर नाही," म्हणे. "तो थांबन."

बाईनं मग कुकर उतरवला. पुढं त्यायची बदली झाली तवा सगळ्यात जास्त त्याच्याशीच बोलून गेल्या.

पण बोलावण्याच्या बाबतीत तो मारोतीचाही बाप होता. माझ्या लेकीचं लग्न झालं, जावई अनसिंगचा. पहिल्याच साली रोडग्याले आला अन् फटफटी घेऊन थेट मारोतीपाशी. घरी आलाच नाही. जगऱ्यापाशी हा उभा.

"पाव्हने, बोलावणं झालं काय?"

"नाही, पण काय वास सुटला!" जावई हसून म्हणाला.

"वासावर कुत्रे येतात. घरी जा. बोलावण्याच्या आधी येते तो हावरा."

जावई लालेलाल. फटफटी वळवून घरी आला, लेकीले म्हणे सामान बांध. आमची रडायले लागली. मी काठी घेतली, म्हटलं आज याचा जगरा यालेच दाखवतो. तेवढ्यात पारावरून हाक आली, "चला होऽऽ, पान वाढलंऽऽ!" अन् हाकेच्या मागोमाग हा सोता आमच्या दारात. जावयाचा हात धरला, गावातून मिरवत नेला, पहिल्या पंगतीत पहिल्या पानावर बसवला. "आता बोलावलं तुमाले. आता माह्या डोक्यावर बसा." जावई ती गोष्ट अजून अनसिंगले सांगते अन् हसते. तवा काही हसला नव्हता.

तो सोता शेवटच्या पंगतीले जेवायचा. सगळे उठले, भांडी घासाले गेली, की राखेच्या कडेले एकटा बसायचा अन् गार रोडगा चुरून खायचा. आमचीले ते पाहवत नव्हतं. एकदा ती म्हणाली, "भाऊजी, तुमी सगळ्या गावाले आवतन देता. तुमाले कोन देते वो?"

तो चुरत राह्यला. मग म्हणे, "एक यायचं होतं. पोरीच्या लग्नाचं. नाही आलं."

ते गाव जाणून होतं, पण त्याच्या तोंडून तवाच ऐकलं.

एकुलती एक लेक. तिनं मालेगावचा मुलगा पसंत केला, दुसऱ्या समाजाचा, फटफट्या दुरुस्त करायचं दुकान. यानं नाही म्हटलं. ती त्याच्यासारखीच, हटली नाही. वाशिमले जाऊन लग्न केलं अन् बापाले सांगितलंच नाही. लोकायले वाटलं, हा समाजावरून चिडला. तेही असन. पण मी त्याचा धुरेकरी, त्याले मी ओळखतो. गावातल्या सगळ्या लग्नाची आवतनं यानं देल्ली, अन् घरच्या लग्नाचं याले नाही, ते त्याच्या छातीत रुतलं होतं.

लेकीचंही ऐकलं पाह्यजे. ती आमचीले मालेगावच्या बाजारात भेटली होती. म्हणे, "काकू, आवतन देल्लं असतं तं बाबानं येऊन मांडव मोडला असता."

"झालं ते झालं. आता ये ना रोडग्याले."

"आवतन कुठं हाय? गावभर फिरते तो मानूस. माह्या दारापर्यंत रस्ता नाही काय?"

आमचीनं घरी येऊन त्याले सांगितलं. म्हणाली, "मी सांगू काय तिले तुमच्या तर्फेनं?" त्याचं उत्तर तयार. "दुसऱ्याच्या तोंडानं गेलेलं आवतन म्हंजे उष्टं पान. ते कोनी वाढते काय?" आता जल्मभर गावाले जे सांगितलं, ते सोतासाठी कसं मोडणार? मीही मोडलं नसतं.

त्याची बायको गेली तवा लेक आली होती. नवऱ्याच्या फटफटीवर आली, आईच्या पायापाशी बसली, घोटभर पाणीही न पिता गेली. यानं तिच्याकडं पाहिलं नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून मलेच म्हणे, "मरनाले अन् पावसाले आवतन लागत नाही. आली, गेली."

त्याच्या पुढच्या पौषातली गोष्ट. आवतनाच्या शनिवारी मी सकाळच्या यष्टीनं मालेगावले चाललो होतो, बियाण्याचं काम होतं. हा मागच्या सीटवर, अनवाणी. "कुठं बे?" मी म्हटलं. धुऱ्याचं भांडण चालू होतं, पण यष्टीत धुरा नसते. म्हणे, "दोर आनाले."

मालेगावले उतरलो. माझं काम आटपून मी परत स्टँडकडं येत होतो, तर हा एका दोराच्या दुकानाच्या ओट्यावर उभा. काथ्याचे दोर हातात घेऊन पाहत होता, ओढत होता, ठेवत होता. रस्त्याच्या पलीकडं लेकीचं घर. समोर फटफटीचं दुकान, मागं दोन खोल्या, बाजूले बोळीत दार. दार उघडं होतं. लेक उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिनंही पाहिलं होतं. सुपातले तांदूळ केव्हाच निवडून झाले असतील, तरी ती निवडतच होती. मधून फटफट्या जात राह्यल्या. शेवटी यानं दोराचं एक बंडल घेतलं, खांद्यावर टाकलं अन् स्टँडकडं चालायले लागला. दुपारून गावात घरोघरी आवतन देल्लं. आवाज नेहमीसारखाच.

पुढं मले कळलं की हे दर साली चालायचं. बैल त्यानं कवाच विकले होते. गोठ्यात दावणीले ढोर नव्हतं, अन् खुंट्यांवर कोरे करकरीत दोर टांगलेले, एकालेही गाठ पडलेली नाही.

मागच्या साली पोळ्याच्या नंतर त्याले लकवा मारला. अकोल्याले नेलं, वाचला, पण वाचा गेली. तोंड वाकडं झालं, लाळ गळायची. काठी घेऊन हळूहळू चालायचा. मी दोन टाइम भाकर घेऊन जायचो. भांडायले माणूस पाह्यजे ना. लेकीले कळवू काय म्हणून मी इचारलं, तर त्यानं काठी उगारली. मग कळवलं नाही.

पौष आला. गावानं ठरवलं की आता ग्रुपवरच टाकू. शनिवारी सकाळी मी चहाची वाट पाहत बसलो होतो, तर हा दारात. अनवाणी. सरळ घरात शिरला. आमची गॅसपाशी उभी, चहाले उकळी येत होती. यानं हात लांब करून गॅसचं बटण बंद केलं. मग पंजा शेगडीवर धरला, जसा लेकराच्या डोक्यावर धरतात तसा, अन् आमच्याकडं पाहिलं.

"हाव भाऊजी, येतो," आमची म्हणाली. तिचे डोळे भरले होते, तरी म्हणाली, "चहा तं होऊ द्या."

त्यानं माझी बाही धरली अन् काठीनं रस्ता दाखवला. मालेगावच्या अंगचा. मी काही इचारलं नाही, टोपी घातली.

यष्टीतून उतरलो. दोराचं दुकान आलं, त्यानं तिकडं पाहिलंही नाही. रस्ता ओलांडला. याचा जावई फटफटी उघडून बसला होता, हात काळे. याले पाहून उभा राह्यला, पाना हातातच. हा बोळीत शिरला, उंबऱ्यापाशी थोडा थांबला, अन् त्या घरात पहिल्यांदा पाय ठेवला. लेक ओट्यापाशी. वरण शिजत होतं. तिचे दोन पोट्टे जमिनीवर बसून सकाळचा अभ्यास करत होते.

यानं गॅस बंद केला.

"हे काय?" लेक म्हणाली. तिनं लायटर घेतला अन् पुन्हा पेटवला.

यानं पुन्हा बंद केला.

"साऱ्या गावाले तोंडानं सांगता," तिचा आवाज फाटला. "मले काहून मुक्यानं? एवढे साल त्या दुकानापाशी उभे राह्यले, दोर घेऊन गेले. मी काय ढोर हाय काय? तोंडानं म्हना. एकदा म्हना, बाबा."

त्यानं तोंड उघडलं. घशातून वासरासारखा आवाज निघाला, अन् लाळ गळून शेल्यावर पडली. त्यानं पुन्हा जोर लावला. पुन्हा तसंच.

मी म्हटलं, "बाई, त्याची वाचा गेली. पोळ्यापासून."

ती हातातला लायटर उगीच दाबत होती, टक् टक्. मग तिनं पदरानं बापाचं तोंड पुसलं. शेगडीकडं पाहिलं, गॅसचं बटण सोता पुन्हा घट्ट फिरवून पाहिलं, अन् वरणाचं भांडं खाली उतरवलं. यानं पंजा शेगडीवर धरला. आमी निघालो.

यष्टीत तो खिडकीपाशी बसला. त्या साली त्यानं दोर घेतला नाही.

रविवारी उजाडायच्या आधीच तो रस्त्यावरच्या पुलावर जाऊन बसला, मालेगावकडं तोंड करून. इकडं जगरा पेटला, वांगे शिजले, निवद झाला. बोलावण्याले पोरायनं भोंगा लावला होता, त्यात कोणीतरी ओरडलं, "चला हो, पान वाढलं." भोंग्यावरून ते ऐकून असं वाटलं की कोणी काही विकून राह्यलं. पहिली पंगत बसली, दुसरी बसली. यष्टी थांबायची, माणसं उतरायची, दुसऱ्यायच्या लेकी, दुसऱ्यायचे नातू. हा काठीवर हनुवटी ठेवून एकेकाचं तोंड पाहायचा. मी पान वाढून नेलं. त्यानं मान फिरवली. मधी एकदा उठून जगऱ्यापाशी आला, राखेच्या कडेले काही रोडगे सारून झाकून ठेवले, गरम राहावे म्हणून, अन् परत पुलावर.

दिवस मावळला. शेटजी दिवसाउजेडीच जेवून गेले होते, भांडी घासून झाली, जगऱ्याची राख पांढरी पडली. शेवटची यष्टी गेल्यावर तो उठला. झाकलेले रोडगे शेल्यात बांधले अन् घरी गेला.

आमची म्हणाली, "दगडाची हाय पोट्टी." मी म्हटलं, "कोनाची हाय मंग? बापाचीच ना."

शिवरात्रीच्या आधी तो गेला. सकाळी भाकर घेऊन गेलो, तर हात छातीवर घेऊन निजलेला, अंग गार. तिरडी बांधायले दोर आणायले कोणाले जावं लागलं नाही. खुंटीवरचे कोरे दोर काढले. ते लय होते.

लेक आली. मरणाले आवतन लागत नाही. पायापाशी बसली, पण या खेपेले उठून गेली नाही. बाया रडून थकल्या, माणसं लाकडं रचायले गेली, तवा तिनं मले जवळ बोलावलं.

"काका, त्या रविवारी कोनी आलं काहून नाही?"

"कुठं?"

"बोलावाले."

मले काही समजलं नाही.

"बाबानं आवतन देल्लं," ती म्हणाली. "सकाळपासून मी चूल पेटवली नाही. ह्यायनं दुकान बंद ठेवलं. पोट्टे धुतले कपडे घालून दारात बसले. म्या म्हटलं, आवतन झालं, आता बोलावणं यीन. आली असती मी तशीच, यष्टी काय, दारातून जाते. पन बोलावण्याच्या आधी जाते तो हावरा. लहानपनापासून त्यायनंच शिकवलं. पहिल्याच टाइमाले त्यायच्या दारात हावरी म्हणून जाऊ काय?"

"मग?"

"मंग काय. संध्याकाळ झाली. रात्री बी नाही पेटवली. पोट्ट्यायले दूध-बिस्कुट देल्लं. आमी दोघं तसेच निजलो."

गावाच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. जल्मभर त्याची हाक हेच बोलावणं. ती वढ्यापार जायची, मालेगावले जात नव्हती, अन् त्या साली तर हाकही नव्हती. पुलावर बसून त्याच्या ध्यानात आलं असन काय, हे मले माहीत नाही. आलं असलं तरी सांगणार कशानं?

मी तिले पुलाचं सांगितलं. राखेत झाकलेल्या रोडग्यायचं सांगितलं. ती ऐकत राह्यली, बापाच्या पायाचा अंगठा धरून. मग एवढंच इचारलं, "जेवला होता?"

"नाही," मी म्हटलं.

तेरवी गावानं केली. लेक मधल्या दिवसात मालेगावले परत गेली होती. भाऊबंद म्हणाले, तिले फोन करून देऊ, घरचीच आहे, यीन. मी म्हटलं, फोन करणाऱ्याचा हात मोडीन. आदल्या दिवशी मी वहाण काढून ठेवली, यष्टीनं गेलो अन् तिच्या दारात उभा राहून चूलबंद आवतन देऊन आलो. तेरवीच्या दुपारी, इकडं पत्रावळी मांडायले लागल्यावर, पुन्हा निघालो. सरपंचाच्या पोरानं फटफटीवर नेलं. थंडी गेली होती, डांबर तापलं होतं, तळपाय भाजले. भाजू दे.

बोळीतलं दार लोटलेलं होतं. मी रस्त्यावर उभा राह्यलो. छातीत दम नाही आता, पण होता तेवढा काढला.

"चला होऽऽ, पान वाढलंऽऽ!"

दोराच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन पाहायले लागला. जाणाऱ्या फटफट्या हळू झाल्या. मी पुन्हा एकदा म्हटलं.

तिनं दार उघडलं. डोक्यावर पदर, मागं नवरा, दोन पोट्टे भांग पाडून. ती एका अंगाले सरली अन् मले आत जाऊ देल्लं, कारण चूल पाहायले तोही असाच घरात शिरायचा. ओटा पुसलेला होता. मी शेगडीवर हात ठेवला. गार होती. त्या रविवारीही अशीच गार असन, दिवसभर.

"चल माय," मी म्हटलं. "बोलावणं हाय."